डाव्या खांद्यावरचं फूल

माघ महिन्यात भीमाचार्यांनी तीन वेळा पानावर बसून मीठ मागितलं, आणि तिन्ही वेळा मीठ पानात होतं.

पहिल्या वेळी अनुसूयेला वाटलं, आपणच विसरलो. खरं म्हणजे विसरायचं काही कारण नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ती बंगळुरातल्या बसवनगुडीच्या त्या घरात पानं वाढत होती. केळीचं पान मांडायचं ते शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला करून, आणि वाढायला सुरुवात करायची ती डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या मिठापासून. शेंडा उजवीकडे केलेलं उलटं पान त्या घरात फक्त श्राद्धाला मांडत. हे सगळं तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं बरोबर सांगितलं असतं. तरीही ती चिमूटभर मीठ घेऊन सासऱ्यांच्या पानाशी वाकली आणि पाहते तो मीठ जागच्या जागी. त्याच्या शेजारचं लोणचं आणि कोशिंबीरही तशीच. उजवीकडची भाजी आणि मधला भात मात्र आचार्यांनी बोट फिरवून स्वच्छ केला होता.

तिसऱ्या वेळी तिनं काही न बोलता मीठ उजव्या कोपऱ्यात वाढलं. आचार्य म्हणाले, "हं, आता आलं." अनुसूया स्वयंपाकघरात परत आली आणि चुलीपाशी उभी राहिली. तिला मारुतीची आठवण झाली, आणि हातातली पळी खाली ठेवायचं भान तिला राहिलं नाही.

मारुती घराच्या मागच्या अंगाला होता. काळ्या दगडाचा, कमरेएवढा, छोट्याशा दगडी खोलीत. आचार्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले तेव्हा तो बरोबर आणला असं घरात सांगत. खरं-खोटं मारुतीलाच ठाऊक. पण त्याचा कौल खरा, याबद्दल बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरांत दुमत नव्हतं. तांबड्या कण्हेरीची दोन फुलं पाण्यात बुडवायची, दोन्ही खांद्यांवर चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि समोर बसून, मान न वळवता जप करायचा. उजवं आधी पडलं तर होय, डावं आधी पडलं तर नको. उजवं म्हणजे देवाचं की बघणाऱ्याचं, यावर पूर्वी म्हणे दोन भावांची डोकी फुटली होती. तेव्हापासून बघणाऱ्याचं उजवं ते उजवं, असं ठरून गेलं होतं.

आणखी एक नियम होता. साठीशांत झाल्याशिवाय कौलाला हात लावायचा नाही. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण जगात चालत असेल, त्या घरात ती कुणी उच्चारत नसे. तरण्या माणसाला काहीतरी हवं असतं, आणि हवं असलेल्या माणसाच्या हाताला कंप सुटतो, फूल तो नकळत सैल लावतो, असं आचार्य सांगत. "म्हातारा शहाणा असतो म्हणून नव्हे रे," ते म्हणत. "त्याला मागायला काही उरत नाही, म्हणून." ते स्वतः आता एकोणऐंशी वर्षांचे होते. पत्नी गेली त्या वर्षी त्यांना उडुपीला जाऊन राहायचं होतं. ट्रंक भरून झाली, तिकीट काढून झालं, आणि निघायच्या सकाळी त्यांनी कौल लावला तर डावं पडलं. दुपारच्या आत त्यांनी ट्रंक रिकामी केली आणि त्यानंतर उडुपीचं नाव काढलं नाही. लोक त्यांचं ऐकत ते यामुळे. आधी त्यांनी ऐकलेलं लोकांनी पाहिलं होतं.

आता अनुसूया चुलीपाशी उभी राहून गेल्या चार-पाच महिन्यांचे कौल आठवत होती. नवरात्रात आचार्यांना विहिरीपाशी चक्कर आली होती. दोन घटका पडून राहिले आणि उठून पूजेला बसले. पित्त असेल म्हणून सगळे गप्प बसले. त्यानंतर कौलाला वेळ लागू लागला. पूर्वी पाव तासात फूल पडे. कार्तिकातल्या कडलेकायीच्या, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांच्या, जत्रेपासून तास-तास, दीड-दीड तास बसावं लागे. आणि जो कौल येई तो उजवाच येई. नरसिंहरावांनी जमिनीचं विचारलं, होय. कुणी मुलाच्या मुंजीचं विचारलं, होय. लोक खूश होते. देव प्रसन्न आहे म्हणत होते. प्रसन्न कसला. डावं फूल आधी पडून जात होतं आणि आचार्यांना दिसत नव्हतं. उजवं वाळून पडेपर्यंत ते बिचारे जप करत बसत होते. मागे ओसरीवर बसलेल्यांना त्यांची नुसती पाठ दिसे. उरलेलं फूल कुणी काढत नसे. दुसऱ्या दिवशीच्या अभिषेकात ते वाहून जाई.

आणि मार्गशीर्षात गुंडोपंतांनी विचारलं होतं. गुंडोपंत आचार्यांचे बालमित्र, पलीकडच्या गल्लीतले. त्यांना मधुमेह होता, रोज सुई टोचून घ्यावी लागे, आणि त्याचा त्यांना वीट आला होता. 'सुई सोडून नुसत्या तीर्थावर राहावं का?' कौल आला, होय. एकोणिसाव्या दिवशी गुंडोपंत गेले.

अनुसूयेनं पळी खाली ठेवली. हे बोलावं की गिळावं, यात तिचे दोन दिवस गेले. सूनबाईनं सासऱ्याला तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगायचं, आणि तेही देवाच्या कामातलं. जीभ रेटत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजेचं पाणी देताना ती म्हणाली, "मामंजी, मारुती सगळा दिसतो का तुम्हाला?"

आचार्य बराच वेळ मूर्तीकडे पाहत राहिले.

"अर्धा दिसतो," ते म्हणाले. "मला वाटलं, म्हातारपणी तसाच दिसत असेल. जवळ आल्यावर कुठं सगळा माणूस दिसतो." मग त्यांनी मान हळूहळू डावीकडे वळवली, दाराशी उभी असलेली अनुसूया त्यांना दिसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आता त्यांना वेगळं काही सांगायची गरज नव्हती. "गुंडो," एवढंच ते म्हणाले.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत, डोक्यातल्या शिरेत कधीतरी गाठ अडकून गेली आहे, डावीकडचं आता दिसायचं नाही. घरी आल्यावर आचार्यांनी रघुपतीला, अनुसूयेच्या नवऱ्याला, बोलावून सांगितलं, "सगळ्यांना बोलाव. नवरात्रापासूनचा एकही कौल धरू नका म्हणावं."

रघुपती सेक्रेटरिएटात हेड क्लार्क होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायानं त्याचं सगळं आयुष्य चाललं होतं. "अण्णा, स्वल्प विचार करा," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते लोक म्हणतील. मी न पाहिलेलं पाहिलं म्हणालो, ते मी सांगितलं पाहिजे."

त्यांनी ते सांगितलंही, ओसरीवर उभं राहून, सगळ्यांसमोर. मग काठी टेकत ते पलीकडच्या गल्लीत गुंडोपंतांच्या घरी गेले. अनुसूया बरोबर होती. गुंडोपंतांच्या पत्नी अहल्याक्का सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "मग त्या दिवशी डावं पडलं होतं का?"

"मला माहीत नाही, अहल्ये."

"म्हणजे देव नको म्हणाला असेल, आणि आम्ही ते केलं असेल."

"असेल."

"सरी," अहल्याक्का म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. 'बरं' म्हणायचा हा कानडी शब्द बंगळुरात दिवसातून शंभरदा कानावर पडतो, रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते. अनुसूयेला तो त्या दिवशी पहिल्यांदा भीतिदायक वाटला.

कौल बंद झाला असता तर बरं झालं असतं. पण लोकांना कौलाशिवाय पाऊल टाकायची सवय राहिली नव्हती. नरसिंहराव, ज्यांनी जमीन घेऊन टाकली होती आणि ज्यांना पहिला कौल मोडायचा नव्हता, तेच म्हणाले, "आचार्य, हात तुमचाच असू दे. डाव्या बाजूची नजर तेवढी दुसऱ्याची घ्या." आता साठीच्या वरचं, मागायला काही न उरलेलं माणूस म्हणजे अहल्याक्काच होत्या. पण विधवेला गाभाऱ्यात उभं करायची कल्पना त्या ओसरीवरच्या एकाच्याही डोक्याला शिवली नाही. सोवळ्यात पाणी द्यायला अनुसूया रोज डावीकडच्या छोट्या दाराशी उभी असतेच. तिथून डावा खांदा समोर दिसतो. ती पाहील, असं ठरलं.

"तुझं वय नाही," आचार्य तिला म्हणाले. "पण डोळे आहेत. मी विचारीन, 'डावं?' तू आहे की पडलं एवढंच सांगायचं. आणि कौल झाला की दोन्ही फुलं माझ्या हातात यायला हवीत. पडलेलं आणि राहिलेलं. त्याशिवाय मी बाहेर जाऊन तोंड उघडणार नाही."

"बरं, मामंजी."

"तुला सेहेचाळीस वर्षं झाली ना?"

"हो."

"म्हणजे तुला अजून पुष्कळ काही हवं असणार," आचार्य म्हणाले, आणि हसले.

त्या दिवसापासून जेवतानाही ती त्यांची डावी बाजू झाली. ती म्हणे, "डावीकडे मीठ आहे, मामंजी." ते न पाहता हात नेत, तर्जनी बरोबर मिठात टेके, आणि जेवण पुढे चाले. पोट भरलं की पानावर हात आडवा धरून ते म्हणत, "साकु." पुरे म्हणायला त्यांना कानडीच आवडे. फाल्गुनात चार कौल झाले, दोन उजवे, दोन डावे. लोकांना पुन्हा धीर आला.

आणि चैत्रात शुभदाचं स्थळ आलं.

शुभदा अनुसूयेची एकुलती मुलगी. सव्वीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. सात स्थळं येऊन गेली होती. कुणाला पत्रिका पटली नाही, कुणाला रंग, कुणाला तिनं पाहुण्यांसमोर हिशोबातली चूक काढून दाखवली ते. सातव्या नकारानंतर शुभदा म्हणाली होती, "आई, आता पोहे नको करूस." आणि अनुसूयेनं मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबला होता. आठवं स्थळ शुभदानं स्वतःच आणलं, मराठी मंडळाच्या वाचनालयातून. चंद्रकांत सरकारी कारखान्यात इंजिनियर होता, पुण्याचा, देखणा, लॅम्ब्रेटावर फिरणारा. "आई, मी शुभदाला ऑलरेडी विचारलंय," तो पहिल्याच भेटीत अनुसूयेला म्हणाला. "ती येस म्हणाली. आता तुमचं काय ते सांगा." असा सरळ मुलगा अनुसूयेनं पाहिला नव्हता. शुभदा दाराआड उभी राहून हसत होती. हसताना ती किती चांगली दिसते हे अनुसूया विसरून गेली होती.

अडचण एकच होती. ते स्मार्त, हे वैष्णव. पूर्वी घरात असं कधी झालं नव्हतं. रघुपती म्हणाला, "अण्णांनी कौल लावावा. देव होय म्हणाला की कोण बोलणार?" मुलाचे आईवडील पुण्याहून आले होते आणि मंगळवारी परतणार होते. कौल सोमवारी सकाळी ठरला.

रविवारी संध्याकाळी आचार्यांनी अनुसूयेला हाक मारली. "उद्या तू नको. तुझ्या पोटच्या मुलीचा प्रश्न आहे. दुसरं कुणीतरी उभं राहू दे."

"दुसरं कोण आहे, मामंजी? सोवळ्यातलं, ती जागा माहीत असलेलं?"

"मी अहल्येला बोलावीन म्हणतो."

"पुण्याची माणसं आहेत बाहेर," अनुसूया म्हणाली. "शुभकार्याचा कौल, आणि आत अहल्याक्का. ते काय म्हणतील?" हे बोलताना आपण रघुपतीसारखं बोलतो आहोत हे तिला कळत होतं. तरी ती बोलली.

आचार्यांनी विचारलं, "निभावेल तुला?"

"निभावेल."

तिला खरंच तसं वाटत होतं. आपण खोटं बोलू असं ठरवून कोण बसतं.

सोमवारी सकाळी आठ वाजता आचार्यांनी फुलं बुडवून खांद्यांवर चिकटवली. डावं चिकटवताना त्यांनी आधी बोटांनी खांदा चाचपला. हाताला जराही कंप नव्हता. "हे स्थळ करावं का?" त्यांनी मोठ्यानं विचारलं आणि डोळे उघडे ठेवून जपाला बसले. बाहेर ओसरीवर रघुपती, पुण्याचे दोघं, चंद्रकांत, नरसिंहराव. शुभदा स्वयंपाकघरात होती. तिनं केलेल्या शिऱ्याचा वास गाभाऱ्यापर्यंत येत होता.

दहा मिनिटं झाली नसतील. डावं फूल खांद्यावरून घसरलं, मारुतीच्या दंडाला लागलं आणि खाली दगडावर पडलं. त्याचा काही आवाज झाला नाही.

उजवं जागेवर होतं.

अनुसूया पाहत राहिली. कौल झाला होता. एवढंच होतं, दहा मिनिटांचं काम. आता आचार्य विचारतील आणि आपण सांगू. पडलं. मग ते बाहेर जातील. मग कुणीतरी शुभदाला सांगेल, आणि शुभदा शिऱ्याखालचा जाळ बंद करील, न रडता, कारण तिला सवय आहे.

"डावं?" आचार्यांनी विचारलं.

"आहे," अनुसूया म्हणाली.

शब्द तोंडातून निघाला तेव्हा तिला तो दुसऱ्या कुणाचा वाटला. आचार्यांनी मान हलवली आणि जप पुढे सुरू झाला. ती खाली वाकली, पाण्याचा तांब्या सरकवल्यासारखं केलं, आणि दगडावरचं फूल उचलून मुठीत धरलं.

त्यानंतर तासभर गेला. उजवं फूल हलेना. तिला वाटलं, ते पडणारच नाही; उद्यापर्यंत तसंच राहील आणि सगळं उघडं पडेल. मग वाटलं, पडू नये. आचार्यांनी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, आहे. एकदा तिनं मारुतीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. मुठीला घाम आला होता, मग तोही सुकला. गुंडोपंतांच्या वेळी याच दाराशी ती उभी होती का, हे ती आठवू लागली. उभी होती. पण तेव्हा तिनं खांद्याकडे पाहिलं नव्हतं, तिचं काम पाणी द्यायचं होतं. आज पाहिलं होतं.

सव्वानऊला उजवं फूल पडलं. आचार्यांनी ते पाहिलं, हात जोडले आणि पडलेलं फूल उचलून डाव्या तळहातावर ठेवलं. "राहिलेलं आण," ते म्हणाले.

अनुसूया पुढे झाली, रिकाम्या खांद्यापर्यंत हात नेला आणि मूठ उघडून फूल त्यांच्या तळहातावर ठेवलं. आता दोन्ही फुलं शेजारी होती. आचार्यांनी बोटांनी एक चाचपलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं.

"हे गरम आहे," ते म्हणाले.

तिनं रिकामी मूठ पदराला पुसली.

"दगडी खांद्यावर सव्वा तास राहिलेलं फूल गार असतं, सूनबाई." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुला काही सांगायचंय का?"

बाहेरून रघुपतीनं विचारलं, "काय आलं, अण्णा?"

"नाही," अनुसूया म्हणाली. "काही सांगायचं नाही."

आचार्य काठी घेऊन उठले आणि ओसरीवर गेले. ती त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आली. सगळे उभे राहिले.

"उजवं पडताना मी पाहिलं," आचार्य म्हणाले. "डाव्याचं माझ्या सुनेनं पाहिलं. ते तिला विचारा."

रघुपती हसला. "म्हणजे काय, अण्णा. ती का वेगळं सांगेल?" तरी सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. पुण्याची बाई, चंद्रकांत, नरसिंहराव. स्वयंपाकघराच्या दारातून शुभदाही पाहत होती, हातात झारा घेऊन.

"जागेवर होतं," अनुसूया म्हणाली.

एकदाचं घोडं गंगेत न्हालं. शिरा वाटला गेला, मुहूर्त काढला गेला, एकवीस दिवसांनी, वैशाखातला. चंद्रकांत आचार्यांच्या पाया पडला आणि आचार्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. पुण्याची माणसं त्यावर फार प्रसन्न झाली.

दुपारी सगळे गेल्यावर अनुसूया सासऱ्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली. "मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मला दिसलं नाही. न दिसलेलं सांगायचं पाप मी एकदा केलंय, गुंडोच्या वेळी. ते एकदा पुरे आहे."

"मग आता?"

"मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की म्हाताऱ्यानं ऐकायचं आणि बाकीच्यांनी मानायचं. तसं नसतं गं. ज्याला ऐकू आलं त्यानं पाळायचं. आज देव माझ्याशी बोलला नाही, तुझ्याशी बोलला. तुझ्या वतीनं मला ते पाळता येत नाही, नाहीतर मी आत्ता जाऊन पाळलं असतं." ते भिंतीकडे वळून आडवे झाले. "एकवीस दिवस आहेत."

अनुसूयेनं त्या एकवीस दिवसांत चंद्रकांतमध्ये खोट शोधली. बाजारात मडकं घेताना वाजवून पाहतात तसं तिनं त्याला पाहिलं. तो खोकला की ती कान देई. लॅम्ब्रेटाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू येईपर्यंत ती दारातच असे. त्याच्या घराण्यात कोण कशानं गेलं हे तिनं आडून आडून विचारून घेतलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तो प्रकार होता, आणि पुण्याच्या बाईनं तो ओळखलाही असावा. काही सापडलं नाही. सगळे नव्वदीत गेले होते. काही सापडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, कारण मग देव कशाला नको म्हणाला ते कळलं असतं. आता ते कळायला एकच मार्ग उरला होता, आणि तो लग्नाच्या पुढे होता.

आणि या एकवीस दिवसांत आचार्यांनी तिच्या हातचं मीठ घेतलं नाही. ती रोज सांगे, "डावीकडे मीठ आहे, मामंजी." ते ऐकत आणि अळणी जेवत. कधी शुभदा वाढायला असे. ती म्हणे, "अज्जा, डावीकडे मीठ हं," की त्यांचा हात न पाहता बरोबर जाई. अनुसूया हे पाहत असे. रात्री ती ठरवी, उद्या रघुपतीला सांगू. सकाळी शुभदा आरशासमोर गुणगुणताना दिसे, आणि उद्या परवावर जाई.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी व्याही जेवायला होते. ओसरीवर पंगत बसली. शुभदाच्या हातांना हळद लागली होती, तरी ती पाट मांडत हिंडत होती आणि सगळे तिला रागे भरत होते. अनुसूयेनं आचार्यांच्या पानात वाढलं. व्याही शेजारीच होते, सगळ्यांचं लक्ष होतं, आणि आज तरी मामंजींनी अळणी जेवू नये असं तिला मनापासून वाटलं. तिनं जरा मोठ्यानं सांगितलं.

"डावीकडे मीठ वाढलंय, मामंजी."

आचार्यांनी दोन्ही हातांनी आपलं पान धरलं आणि सावकाश फिरवलं. भात कलंडला, वरणाचा ओघळ जमिनीवर आला. शेंडा उजवीकडे झाला आणि मीठ त्यांच्या दिसत्या बाजूला आलं. त्यांनी वाकून ते नीट पाहिलं.

पुण्याच्या बाईनं तोंडाजवळ नेलेला घास खाली ठेवला. "अण्णा, काय केलंत हे," रघुपती हळू आवाजात म्हणाला. "पान उलटं झालं. घरात कार्य आहे."

"मला डावीकडचं दिसत नाही, बाबा," आचार्य म्हणाले. "पाहून घ्यावं लागतं."

शुभदा पुढे आली. तिनं हळदीचे हात तसेच पानाला लावून ते पुन्हा सरळ केलं, सांडलेलं पुसलं, अज्जांचं बोट धरून मिठाला टेकवलं. "हे बघा, इथं आहे. आई खरंच सांगत होती."

"तू म्हणतेस तर आहेच," आचार्य म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांनी मान वळवली आणि अनुसूयेला आपल्या दिसत्या बाजूला आणून तिच्याकडे पाहिलं. ते पाहत राहिले. त्यांना घाई नव्हती.

"मामंजी," अनुसूया म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले होते. शुभदा आईकडे पाहून हसत होती, मोरीत तोंडात पदर कोंबायला लावणाऱ्या त्या सात दिवसांपैकी एकही दिवस आता त्या चेहऱ्यावर शिल्लक नव्हता.

"काय, सूनबाई?"

"भात," अनुसूया म्हणाली. "भात वाढू का अजून?"

आचार्यांनी पानावर हात आडवा धरला.

"साकु," ते म्हणाले.